न झालेल्या चोऱ्यांची नोंद

११ जानेवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोन करणार होतो, पण मागच्या वेळी मला ताप आलाय असं मी सांगितलं आणि तू छान झालं म्हणालीस, तेव्हापासून कागदच बरा वाटतो. कानाचं यंत्र वापरून झिजत नाही गं, ते पेटीत ठेवायचं नसतं, कानात घालायचं असतं.

बातमी अशी की माझी पोलीस ठाण्यातून मुख्य कार्यालयात नेमणूक झाली आहे. काम एकच, शहरात दिवसाची गस्त कुठे लावायची ते ठरवायचं. हाताशी नऊ गाड्या आणि चाळीस पायी हवालदार. पांघरूण तोकडं, कुठे ओढलं तरी कुणाचा ना कुणाचा पाय उघडा. मी दोन वर्षांच्या तक्रारी काढून भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावल्या. निम्म्या टाचण्या सतरा कोपऱ्यांवरच दाटल्या. घाऊक बाजाराचं मागचं दार, बसस्थानकामागचा बोळ, असे कोपरे. म्हणजे गस्त सगळीकडे सारखी वाटण्यात अर्थ नाही. जिथे दुखतं तिथे लेप लावायचा.

साहेबांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. कोपऱ्यांवरचे गुन्हे घटले पाहिजेत आणि जिथून माणसं काढू तिथे एकही वाढता कामा नये. हे जमलं तर माझा आपल्या गावच्या बदलीचा अर्ज ते स्वतः वर पाठवणार आहेत. तिथली जागा एप्रिलमध्ये रिकामी होते आहे. तीन वर्षं दोन महिने झाले मला घर सोडून. तुला वाटत असेल मी मोजत नाही.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच राहू दे.
तुझा
गुंड्या


१९ जानेवारी

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर सुधार. मुंग्यांची मिरवणूक वाचायला मला भिंग लागतं. आणि खाली गुंड्या अशी सही करतोस, ते पाकीट तुझ्या कार्यालयात कुणी फोडलं तर पोलिसखात्यात गुंड्या सापडला म्हणून बोंब होईल.

बदलीचं वाचलं आणि दोनदा वाचलं. मग शेजारच्या परिटीणबाईंना वाचून दाखवलं. तुझ्या खोलीतलं शिलाई मशीन बाहेर काढलं आहे. पलंगावर मी स्वतः आडवी होऊन पाहिलं, तुझे पाय बाहेर येतील, म्हणून सुताराला वीतभर वाढवायला सांगितलं. तो म्हणाला, साहेब झाल्यावर माणूस उंच होतो का? मी म्हटलं, उंच नाही, आखडलेला होतो, म्हणून जागा जास्त लागते.

तुझं टाचण्यांचं काम मला पटलं. मी तीस वर्षं पायी गस्त घातली, त्यातली दहा तरी जिथे काही घडत नव्हतं तिथे चपला झिजवण्यात गेली. पण एक विचारते. झालेल्या चोरीची टाचणी लागते. हवालदार दिसला म्हणून जी झालीच नाही, तिची टाचणी कुठे लावतोस? उत्तराची घाई नाही.

जेवत जा. रागलोभातला लोभ तेवढा तुझ्याकडे ठेव.
तुझी
आई


६ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या सोमवारपासून योजना सुरू झाली. गाडी एका कोपऱ्यावर पंधरा मिनिटं उभी राहते, मग पुढच्या. वेळा रोज बदलतात, त्यामुळे कधी येईल ते कुणालाच कळत नाही. पहिल्याच आठवड्यात बाजाराच्या मागच्या दाराशी एकही पर्स गेली नाही. लिंबूसरबतवाल्याने आमच्या पोरांना फुकट पाजलं. मी पैसे द्यायला लावले, तू असतीस तर हेच केलं असतंस.

शांत भागांतून अकरा हवालदार काढावे लागले. त्यातला एक घड्याळजींच्या गल्लीतला. खाली घड्याळदुरुस्तीची दुकानं, वर जुने भाडेकरू. चौदा महिन्यांत तिथे एकही तक्रार नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलेला माणूस, टोपी काखेत धरून माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि मला हलवू नका म्हणाला. मी त्याला आकडे दाखवले. तो सलाम करून गेला.

साहेब खूश आहेत. अर्जाचा कागद त्यांनी माझ्याकडून आताच लिहून घेतला. काल बाजारात एक बाई मुलाला हाक मारताना ऐकली. आवाज थेट तुझा. मी मागे वळलो, आणि माझ्याबरोबरचे दोघे काय झालं म्हणून बघत राहिले.

ओढ अशीच असू दे.
तुझा
गुंड्या


१४ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

सुतार येऊन गेला, पलंग आता एवढा लांब झाला आहे की दार अर्धंच उघडतं. तू तिरका होऊन आत ये.

पत्र तीनदा वाचलं. तो हवालदार हलवू नका म्हणाला असं लिहिलंस. का म्हणाला, ते लिहिलं नाहीस. तू विचारलं नाहीस, की त्याने सांगितलं आणि तू मला लिहिलं नाहीस? लहानपणी फुटलेल्या बरणीबद्दलही तू असंच पत्र लिहिलं असतंस. सगळं खरं, फक्त बरणी नाही.

पन्नाशी ओलांडलेला हवालदार स्वतःच्या पायांसाठी मागायला येतो तेव्हा खुर्ची मागतो. हा रस्ता मागायला आला.

माझं बरं चाललं आहे. काळजी करू नकोस, फक्त उत्तर दे.
तुझी
आई


२ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

त्याने सांगितलं होतं. त्या गल्लीत सात म्हातारी माणसं एकटी राहतात, दार कुणाला उघडायचं ते मला विचारतात, असं तो म्हणाला होता. मी म्हटलं, हे पोलिसांचं काम नाही. तेवढं वाक्य तुला लिहायला हात धजला नाही.

तो गेल्यावर दहाव्या दिवशी दोन माणसं गल्लीत आली. अंगात निळे सदरे, गळ्यात ओळखपत्रं. वीजमीटर तपासायचं सांगून एकेका घरात शिरली. एक जण मीटरपाशी उभा राहून म्हाताऱ्या माणसाला आकडे वाचायला लावायचा आणि दुसरा आतली कपाटं उघडायचा. आठ दिवसांत पाच घरं झाली. कुणीही तक्रार केली नाही. आपण स्वतःच दार उघडलं, मुलं काय म्हणतील, याचीच लाज. माझ्या नकाशावर गल्ली कोरी ती कोरीच.

सहाव्या घरी एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्यांनी ओळखपत्रावरचं शुद्धलेखन चुकलेलं पकडलं आणि जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. त्या माणसांनी त्यांना ढकललं. कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हा कुठे बाकीच्या घरांचं शेजाऱ्यांनी मला सांगितलं.

काल रुग्णालयात गेलो होतो. मी कोण ते सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की आमचा हवालदार आजारी आहे का? रोज अकराला तो खालून जायचा, मी खिडकीशी यायचे. तो यायचा थांबल्यावरही मी खुर्ची तिथेच ठेवली होती, म्हणाल्या.

आई, मला त्या खुर्चीत तू दिसलीस. पुढे काय बोललो ते आठवत नाही.

कोपऱ्यांवरचे गुन्हे महिन्याला एकतीस होते, ते बारावर आलेत. साहेबांनी अभिनंदनाचा कागद पाठवला आहे. तो तसाच पडून आहे.

तुझा
गुंड्या


८ मार्च

बाळा,

मायना राहू दे. पत्र पोचलं तेव्हापासून तुझ्याजवळ बसावंसं वाटतं आहे, आणि अकरा तासांचा रस्ता मध्ये आहे.

मी रागावेन असं तुला वाटलं असेल. एकदा माझ्याही हातून झालं आहे. एका बाईने मला सांगितलं होतं, नवरा मारून टाकेल. वरिष्ठ म्हणाले घरातलं भांडण आहे, आणि मीही तसंच लिहिलं. ती वाचली, पण एका डोळ्याने गेली. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. माझ्याकडेही एक न लिहिलेली बरणी आहे.

आता नीट वाच. घाबरून सगळ्या गाड्या परत फिरवू नकोस. एकतीसचे बारा झाले, म्हणजे महिन्याला एकोणीस माणसं पर्स घेऊन, हातपाय धड घेऊन घरी गेली. त्यांची नावं आपल्याला कळणार नाहीत म्हणून ती कमी होत नाहीत. तुझी योजना खोटी नव्हती, तुझा कान बंद होता. माझा तर औषधानेही उघडत नाही, तुझा उघडेल.

त्या पाच घरांत जा. तक्रारी स्वतःच्या हाताने लिहून घे. त्याने तुझ्या अर्जाचं काय होईल ते मला कळतं. मी तीस वर्षं खात्यात काढली आहेत, आकडे कसे वाचतात ते मला शिकवू नकोस. तरी जा.

आई


२६ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या हवालदाराला बरोबर घेऊन गेलो. मी एकटा गेलो असतो तर एकही दार उघडलं नसतं. त्याने जिन्यातूनच हाक दिली आणि कड्या निघाल्या. एका आजोबांनी आधी काहीच गेलं नाही म्हणून सांगितलं. मग हवालदार त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला, मीही बसलो. अर्ध्या तासाने ते म्हणाले, बायकोचं मनगटी घड्याळ होतं, चालत नव्हतं, पण मी रोज किल्ली द्यायचो. तेवढं सांगून रडले. पाची तक्रारी मी लिहिल्या. या वेळी अक्षर चांगलं काढलं.

साहेब म्हणाले, मुदतीला दहा दिवस राहिले असताना तू स्वतःच्याच पानावर शाई सांडतो आहेस. जुन्या गोष्टी आहेत, एप्रिलमध्ये नोंदवल्या तर कुणाचं काय बिघडतं, असंही म्हणाले. माणूस वाईट नाही, माझ्याच भल्याचं सांगत होते. मी म्हटलं, एप्रिलपर्यंत ते दोघे दुसऱ्या गल्लीत शिरतील.

वर्णन सगळ्या गाड्यांना दिलं. चौथ्या दिवशी बसस्थानकामागच्या बोळात आमची गाडी उभी असताना निळा सदरा पिशवीत कोंबणारा एक जण पोरांना दिसला. त्याच्यामागून दुसराही सापडला. घड्याळ मिळालं, बाकीचं निम्मंच. हवालदाराला सकाळी दोन तास ती गल्ली आणि लगतच्या दोन गल्ल्या परत दिल्या आहेत, दुपारी तो बाजारात असतो. गाड्या कोपऱ्यांवर आहेत तिथेच आहेत. मास्तरीणबाई कुबडी घेऊन चार पावलं टाकतात आणि माझ्या अहवालातल्या चुका काढतात.

आई, अर्ज वर गेला नाही. माणसं काढलेल्या जागी पाच चोऱ्या आणि एक गंभीर दुखापत, असं अहवालात आहे. मीच लिहिलं आहे. गावची जागा दुसऱ्याला मिळाली. पुन्हा कधी रिकामी होईल सांगता येत नाही. दोन वर्षं, कदाचित तीन.

तुला पाहावंसं फार वाटतं. याहून नीट लिहिता येत नाही.

तुझा
गुंड्या


३ एप्रिल

चि. गुंड्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी शेजारी जाऊन सांगितलं, माझ्या लेकाने काय केलं ते. परिटीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं असावं, त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. मग घरी आले, दाराला कडी लावली आणि पोटभर रडले. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं. या घरात आता बरण्या लपवायच्या नाहीत.

आणखी एक सांगते. यंत्र मी पेटीत ठेवत नाही. रोज घालते, पण आता त्यानेही काही ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून जमेल तेवढं ओळखते. तू काळजी करशील म्हणून विसरभोळेपणाचं सोंग केलं. तुझा आवाज मी शेवटचा नीट ऐकला त्याला वर्ष झालं. अलीकडे तो आठवायला बसते तर कधी तुझा दहावीतला येतो, फाटलेला, आणि आताचा काही केल्या सापडत नाही. तू बोलत असताना पाठीवर हात ठेवला तर आतली थरथर तरी कळेल असं वाटतं.

तीन वर्षं तू येशील म्हणून मी जागची हलले नाही. खात्यातली बाई, नेमून दिलेली जागा सोडायची नाही हेच अंगात मुरलेलं. परवा सकाळी मात्र मनात आलं, की मला इथे नेमलंय कुणी? पिशवी भरली. चिठ्ठीवर लिहून देऊन खिडकीजवळचं तिकीट काढलं. पंधरा दिवस राहीन. तेवढ्यात तुझे कोपरे बघेन, त्या हवालदाराला भेटेन, मास्तरीणबाईंपाशी बसेन, आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून तुला दिवसभर बोलायला लावीन. मग परत येईन, कारण घर माझं इथे आहे, आणि पुन्हा वाट बघायची तर ती इथूनच बघता येते.

रविवारी दुपारी चारला बस पोचते. उतरल्यावर मला कुणाची हाक ऐकू येणार नाही, तेव्हा समोर उभा राहा. गस्तीची गाडी पाठवू नकोस. तू ये.

बाकी माया भेटीत.
तुझी
आई