समोरच्या भिंतीचा उजेड

शनिवार, ता. ९ नोव्हेंबर
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय मामा,

नमस्कार. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ अशी सुरुवात केली होती, पण कारण पहिल्याच ओळीत लिहायची छाती होईना, म्हणून तो कागद फाडला. आधी ख्यालीखुशाली. मी बरा आहे. मित्राच्या खोलीवर राहतो. मामीला सांगा, दोन्ही वेळ जेवतो आणि शिडीवर चढताना चपला काढतो. तुमची कंबर कशी आहे? छताचं काम एकट्याने घेऊ नका. हे सांगणारा मी कोण, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

तुमचं घर सोडून अडीच महिने झाले. इंजिनियरिंग कॉलेज अर्धवट टाकलं तेव्हा बाबांनी तोंडावर दार लावून घेतलं आणि तुम्ही एवढंच विचारलंत, “उंचीची भीती वाटते का रे?” नाही म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पॉलिश पेपर दिलात, भिंत घासायला. सरांच्या टेबलावर स्वतःचं ड्रॉइंग टराटरा फाडून आलेल्या पोराला तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि तोही कामाचा. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. आज मानतो. आधीच मानून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही पत्र चुरगाळलंत तर राहून जायचं.

तुम्ही नाकारलेलं काम मी घेतलं. मॅनेजर साहेबांच्या घराचं. बाहेरून सगळं गडद राखाडी, जवळजवळ काळं. दार, खिडक्या, ग्रिल तर काळ्याच. साहेबांच्या मुलीने फोनवर दाखवलेल्या चित्रातल्यासारखं हुबेहूब. काम स्वच्छ झालं, कुठे ओघळ शोधून सापडणार नाही. गल्लीत मात्र दोन पक्ष पडले. औषधवाला म्हणाला, “आत्ता कुठे आपल्या गल्लीला स्टँडर्ड आला.” तो दर रविवारी त्या भिंतीपुढे उभा राहून स्वतःचा फोटो काढायचा. पोस्टमास्तर म्हणाले, “सगळी बत्तिशी पांढरी आणि मधोमध हा एक किडलेला दात.” मी दिसलो की विचारायचे, “काय इंजिनियर, पुढची दाढ कधी?”

भांडलो. अर्थातच भांडलो. भर रस्त्यात म्हणालो, “मास्तर, तुमच्या घराचा मूळ रंग कुठला, ते शेवाळाला तरी आठवतंय का?”

ती पायरीवर उभी होती, ती खळखळून हसली. आता सांगा, अशा वेळी माणूस गप्प कसा बसेल?

ती म्हणजे साहेबांची मुलगी. ती माझी कोण, हे तुम्हाला पहिल्या भेटीतच कळलं होतं. रंगाचा डबा उलटा धरून मी झाकण शोधत होतो, तेव्हाच. त्याच दिवशी तुम्ही तिला शेडकार्ड परत करत म्हणालात, “ताई, रंग वाईट नाही. पण या गल्लीत नको. समोर...” पुढचं मी बोलूच दिलं नाही. “मामा, तुम्हाला पांढऱ्या-पिवळ्यापलीकडे जग दिसतच नाही,” असं तिच्यादेखत म्हणालो आणि ब्रश बादलीत आपटला. शिंतोडे तुमच्या चष्म्यावर उडाले. तुम्ही चष्मा पुसलात, पिशवी उचललीत आणि निघालात. मला वाटलं, मी जिंकलो.

त्या घरासमोर रफूगार काकांची खोली आहे. गल्ली केवढी, तर दोन सायकली आणि एक भांडण मावेल एवढी. काकांच्या खोलीला एकच खिडकी आणि तिच्यात ऊन म्हणून कधी येत नाही. ऊन पडायचं समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आणि तिथून तो उजेड यायचा काकांच्या मांडीवर. तीस वर्षं त्यांनी त्या उजेडात लोकांचे फाटके कोट सांधले. तुम्ही हेच सांगणार होतात ना? मी ते स्वतः शोधलं. कसं, ते ऐका.

गेल्या महिन्यात मी साहेबांना भेटायला जायचं ठरवलं. तिच्याबद्दल बोलायला. तुमच्या घरून निघताना तुमचा तपकिरी कोट मी न विचारता उचलून आणला होता. (हे चोरीचंही कबूल.) कोपराशी कसरीने भोक पाडलं होतं, म्हणून काकांकडे टाकला. एका मंगळवारी आणला, तिथेच अंगात घातला, उन्हात आलो, तर कोपरावर हिरवट डाग! वीण अशी की बोटाला लागणार नाही, पण धाग्याची छटा साफ चुकलेली. छटा बघायला तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे नजरेतून सुटेना.

मी कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तसाच उलटा आत घुसलो. “काका, डोळे मिटून काम करता काय?”

भर दुपारी बारा वाजता खोलीत ट्यूब जळत होती. जुन्या कापडाला आतल्या शिवणीतला धागा चालत नाही, तो न विटलेला असतो. म्हणून काका त्यांच्या पेटीतल्या शेकडो धाग्यांतून एक जुळवतात. ट्यूबखाली सगळे तपकिरी धागे सख्खे भाऊ दिसतात. काकांनी कोट खिडकीशी नेला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “तू म्हणतोस तर असेल रे. हा पाचवा कोट बिघडला. डोळे गेले माझे. या महिन्याअखेर बंदच करतोय आणि मुलीकडे जातोय राहायला. माफ कर बाबा.” त्यांनी हात जोडले. मला, मामा.

मी त्यांच्या खांद्यावरून खिडकीबाहेर पाहिलं. समोर माझी भिंत होती, अख्खी खिडकी भरून.

त्याच क्षणी मला सगळं कळलं. आणि मी म्हणालो, “असू दे काका, चालतंय,” आणि निघून आलो.

पत्राचं कारण हे. आठ दिवस मी गप्प राहिलो. रस्त्यात कुणी धक्का मारला तरी भांडणारा मी, तोंड शिवून बसलो. काका गिऱ्हाइकांचे कपडे घडी करून परत देत होते, ते रोज पाहिलं. बोललो तर भिंत बदलावी लागेल, ती रागावेल, एवढंच डोक्यात. समोर एक माणूस आपण आंधळे होतोय असं समजून चालला होता आणि मी तिच्या पायरीवर बसून चहा पीत होतो. तुम्ही मला हाकललंत तर या आठ दिवसांसाठी हाकला. रंगासाठी नको.

नवव्या दिवशी तिला सांगितलं. ती भडकली. “माझ्या घराचा रंग मी गल्लीला विचारून लावायचा? उद्या पडद्यांनाही सह्या घ्यायच्या का?” तिचं अगदीच चूक नव्हतं. मी म्हणालो, “एकदा तिथे बसून बघ.” ती गेली. काकांशी गप्पा मारत अर्धा तास बसली. बाहेर आली तेव्हा आवाज खाली आला होता.

“कार्ड दाखवलं तेव्हा तुला स्वतःला हा रंग इथे बरा वाटला होता?”

“तुला आवडला होता ना.”

“मी तुला रंगारी म्हणून विचारलं होतं,” ती म्हणाली. “तुझे मामा निदान नाही तरी म्हणाले.”

साहेबांना भेटायला जायचं मग राहिलंच. जाण्यात अर्थ नव्हता.

काकांकडे एकटाच गेलो, थोबाडीत बसणार हे धरून. म्हणालो, “काका, डोळे तुमचे शाबूत आहेत. उजेड मी घालवला.” त्यांना खरं वाटेना. मग पेटी आणि कोट घेऊन त्यांना गल्लीच्या तोंडाशी उन्हात नेलं. त्यांनी पेटीत बोटं घातली आणि पहिल्याच झटक्यात धागा उचलला. कोटावर ठेवला, तर दिसेनासा झाला.

“म्हणजे डोळे आहेत?”

“आहेत.”

“नक्की?”

“नक्की, काका.”

तिसऱ्यांदाही विचारलं. मग असे मोठ्याने हसले की काय झालं म्हणून पोस्टमास्तर बाहेर आले. मला शिवी नाही, शाप नाही. पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाले, “गाढवा, महिनाभर मी जिना चाचपत उतरतोय!” बांधलेली बॅग त्यांनी त्याच संध्याकाळी सोडली. मामा, एवढं स्वस्तात सुटायची माझी लायकी नव्हती.

आता ती भिंत मी पुन्हा करतोय. काकांच्या खोलीत बसून, कुठल्या भागाचा उजेड आत येतो, ते तिने स्वतः बघून खुणा करून दिल्या. खालचा तीन फुटांचा पट्टा राखाडी राहील, दार-खिडक्या काळ्याच राहतील, वरचं सगळं पांढरं. “उजेड द्यायचाय, आवड नाही,” असं साहेबांना तिने ठणकावून सांगितलं. पोस्टमास्तर म्हणतात, “चला, दात भरून तरी घेतला.” औषधवाल्याचा फोटो हुकला म्हणून तो माझ्यावर खार खाऊन आहे.

ती आता चहा आणत नाही. येते, काम बघते, जाते. परवा म्हणाली, “कडा सरळ आल्यात.” बस्स. वाईट वाटतं, शिडीवर जास्तच वाटतं. पण माझ्या तोंडावर खरं बोललेली माणसं मोजतो, तेव्हा तिचं नाव तुमच्यानंतर लगेच येतं. आवडण्यापेक्षा हे मोठं असावं. अजून नीट कळत नाही, कळेल.

एक अडचण आहे. प्रायमरचे दोन हात झाले, तरी आतला राखाडी वर येतोय आणि पांढरा मळकट दिसतोय. तिसरा हात द्यावा, की सगळं खरवडून मुळापासून सुरू करावं? पूर्वी मी ठोकून दिलं असतं काहीतरी. आता काकांची मांडी दिसते. तुम्ही सांगेपर्यंत ब्रशला हात लावणार नाही. दोन ओळी पाठवल्यात तरी पुरे. स्वतः आलात, तर शिडी मी धरेन.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
आणि ठेवून घेतलंत तर तुमच्या हाताखालचा रंगारी