चेरीच्या झाडावरच्या रेकॉर्डी

जेनोआ

धाकट्या नेव्हिओला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

नातीकडे मी खुशाल आहे, पण डोकं तापलंय. ती मला रेकॉर्डींच्या दुकानात घेऊन गेली. तिथे तुमच्या रॉक बँडची ती एकुलती एक रेकॉर्ड काचेत लावलेली. दुकानदार म्हणाला, "आजी, एक अख्खी बाजू नुसता ऑर्गन. तेव्हा लोक हसले, आता शोधत येतात. वाजवणारा बिचारा वारला."

"कोण म्हणतं? घरी द्राक्षाच्या वेली बांधत बसलाय," मी म्हटलं.

आणि तू न खपलेल्या रेकॉर्डी चेरीला टांगल्यास, पाखरं घाबरवायला. लाज कशी वाटत नाही? आधी त्या उतरव. चेरी खाऊ देत पाखरांना. ऑर्गनवरच्या कोंबड्या हाकल. गुडघा बरा आहे ना? पुढच्या रविवारी दुकानदाराला घेऊन येते. जिवंत आहेस हे त्याला तोंडानं सांगू नकोस, वाजवून दाखव.

अजून रागातच,
एर्सिलिया