माफी सोडून बाकी सर्व

मी, प्रेमलता शमुवेल वाकोडे, वय एकाहत्तर, धंदा शवपेट्या बनवणे, राहणार सदर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. माझ्यावर आज कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे होते, ते पुढे येतील. याआधी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

१. माझे पती शमुवेल हयात नाहीत. मला दोन मुलगे झाले. थोरला जितेंद्र जिवंत आहे. धाकटा रोशन याला जितेंद्रने आमच्या दुकानात वाकसाने मारले. वाकस म्हणजे लाकूड तासण्याचे हत्यार. जिवंत मुलाला आई घर का देत नाही, असे उद्या कोर्ट विचारेल, म्हणून हे इथे लिहिणे भाग आहे.

त्या दिवशी जितेंद्रला चंद्रपूरच्या स्थळाकडून नकार आला होता. मयताच्या पेट्या करणाऱ्या घरात मुलगी देणार नाही, असा निरोप होता. रोशनला थट्टेची सवय. त्याने मापाची पट्टी भावाच्या पाठीला लावली.

"बुटक्या, तुले तं लेकराच्या मापाची पेटी पुरते."

"रोशन, सरक गा."

"काहून सरकू? लग्नाचा कोट तं शिवून नाही राहिला तू. एवढं तरी माप होऊ दे."

पहिला घाव खांद्यात बसला, दुसरा मानेत. मी फळीचे दुसरे टोक धरून होते. माझे हात फळीत गुंतलेले होते. देवाचे नव्हते.

त्याच फळ्यांची पेटी मी रोशनसाठी केली. रंधा मारला तरी रक्त लाकडात उतरले होते. ती बाजू मी आत घेतली आणि वरून पांढरे सॅटिन ठोकले.

२. सदर भागातील राहते घर, त्यातील भांडी, कपाट व शिवणयंत्र मी रोशनची विधवा दीप्ती हिला देते. रोशन गेला तेव्हा ती गरोदर होती. माहेरचे न्यायला आले. तिने त्यांना चहा पाजून परत पाठवले. तिची मुलगी खुशी याच घरात वाढली.

३. दुकान, करवती, रंधे, पटाश्या व शिल्लक लाकूड हेही दीप्तीला. खुशीने स्पष्ट सांगितले आहे, "आजी, मी बँकेत लागीन, पेट्या नाही ठोकणार." तिच्यावर कोणी जबरदस्ती करू नये. गरिबाच्या लेकराची पेटी या दुकानातून फुकट जाते. दुकान चालेल तोवर तसेच चालावे. त्या पेटीत आतून खिळ्याचे टोक वर राहता कामा नये. मेलेल्याला लागत नाही, असे कारागीर म्हणतात. आईचा हात आत जातो.

४. माझे देवाशी असलेले नाते मी कोणाला देऊ शकत नाही, पण त्याबद्दल बरेच बोलले गेले आहे, म्हणून लिहून ठेवते.

रोशनला पुरून आले त्या दिवशी मी दुकानातल्या क्रूसावर हातोडी फेकली. त्याचा एक हात तुटला. तो मी जोडलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच क्रूसासमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारले, "काहून गा? पाहून राहिला होता ना तू?" तेव्हापासून शटर उघडण्याआधी मी रोज तिथे बसते. आधी नुसत्या शिव्या होत्या. मग शिव्यांच्या मध्ये दुकानाच्या गोष्टी येऊ लागल्या, खुशीचा ताप, सागवानाची टंचाई. कधी नुसतीच बसून राहते. तो उत्तर देत नाही. उठून जातही नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर हे गेले. ते म्हणाले, "वाकोडेबाई, देवाले गा म्हणता?"

"मंग काय म्हणू? साहेब? साहेब तं तुमाले म्हणतो आमी."

५. चर्चच्या मंडळीच्या कमिटीबद्दल. जितेंद्रची जन्मठेप संपली. तुरुंगात त्याने पश्चात्ताप केला, असे पाळकसाहेबांनी जाहीर केले. मंडळीने त्यासाठी उपासही धरले होते. त्यांना वाटले, एका रविवारी सगळे मिटेल. मला न विचारता त्यांनी प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या नावाने वाटायच्या भाकरीची, पितळी थाळी जितेंद्रच्या हातात दिली आणि त्याला माझ्या बाकासमोर आणून उभे केले. पाळकसाहेब म्हणाले, "घ्या बाई. मुलाच्या हातून घ्या. आज स्वर्गात आनंद आहे."

मी थाळी घेतली आणि त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. दात दिसला. भाकर सगळीकडे सांडली. मी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा दीप्तीने मला मागून धरले. जितेंद्र खाली बसला आणि एकेक तुकडा गोळा करू लागला. तुकड्यांवर त्याचे रक्त पडत होते. मंडळी गाणे म्हणायचे थांबली नाही, कारण बाजाची पेटी वाजवणाऱ्याला काही दिसले नव्हते.

त्यानंतर पाळकसाहेब घरी आले. "ज्या मनात माफी नाही, तिथं देव राहत नाही, बाई."

मी म्हटले, "तो राहते. रोज शिव्या खाते अन् राहते."

माफी दिल्याशिवाय मला प्रभुभोजन मिळणार नाही, असा ठराव कमिटीने केला. तो ठराव मला मोडून टाकतो. रोशन गेल्यावर माझ्याजवळ देवाशिवाय काही उरले नाही, आणि ते म्हणतात, तोही माझा नाही. पण भाकरीसाठी मी खोटे बोलणार नाही. खोटे बोलले तर सकाळी त्या स्टुलावर कोणत्या तोंडाने बसू?

६. जितेंद्रला घर, दुकान किंवा हत्यार काहीही मिळणार नाही. हे विसरून नव्हे, जाणून लिहिले आहे.

तो एकदा दुकानात आला होता. ओठावर टाके होते. दारातच उभा राहिला. दीप्ती खुशीला घेऊन मागच्या खोलीत गेली.

"आई, अजून मार मले."

"मारून काय होते? तो उठते का?"

"मी रोज प्रार्थना करतो. देव ऐकून नाही राहिला."

"ऐकन कसा? मी सांगतो त्याले रोज, याचं ऐकू नको म्हणून."

तो रडला नाही. मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग म्हणाला, "म्हणजे तू रोज माहं नाव घेतं त्याच्याजवळ."

मी पटाशी फेकून मारली. दाराच्या चौकटीत रुतली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसले आणि नेहमीचे बोलायला लागले. रोशनचे नाव घेतले. पुढे जितेंद्रचे यायचे होते. ते आले. शिवीसकट आले, पण आले. इतकी वर्षे मी देवापुढे दोघांनाही उभे करत होते, हे मला कळले नव्हते. देवाला कळले असणार. त्याने मला सांगितले नाही, याचा राग वेगळा आहे. तो मी त्याला सांगितला आहे.

मी जितेंद्रला माफ केलेले नाही. ते मला जमले नाही. देवाला जमत असेल तर त्याने करावे, मी आड येणार नाही. जितेंद्रचे ऐकू नको, असे सांगणे मी थांबवले आहे. इतकेच माझ्या हातात होते.

७. माझ्या दफनविधीत "तिने शेवटी माफ केले" असे पाळकसाहेबांनी किंवा कोणीही म्हणू नये. म्हटल्यास दीप्तीने तिथेच उठून हे कलम मोठ्याने वाचावे. कमिटीने विधी नाकारला तर भांडू नये. दीप्तीने आमच्या घरातली प्रार्थना म्हणावी आणि माती द्यावी.

८. दफनभूमीत रोशनच्या उजव्या हाताला त्याचे वडील आहेत. डाव्या हाताची जागा माझ्या नावाने राखलेली आहे. ती मी जितेंद्रला देते. त्याचा काळ येईल तेव्हा त्याला तिथेच ठेवावे. पेटी याच दुकानाची असावी. मला भिंतीकडेला, कुठेही चालेल.

शेवटच्या दिवशी देवाचा कर्णा वाजेल, मेलेले उठतील, तेव्हा ते दोघेही उठून बसतील. मध्ये मी नसेन. त्यांनी आधी एकमेकांचे तोंड पाहावे. मग मला हाक मारावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. अश्विन डोंगरे यांनी करावी. सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. खोडायचे काही सापडले नाही.

सही: प्रेमलता शमुवेल वाकोडे

वरील बाईंनी आमच्या देखत सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही केली. आम्हाला या मिळकतीतून काही मिळणार नाही.

साक्षीदार १: चंपतराव बोरकर, सेवानिवृत्त शिक्षक, धरमपेठ
साक्षीदार २: गोपिका तायडे, परिचारिका, सदर

ठिकाण: नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५