स्टिअरिंगखालचा गिअर

डोंबिवली (पूर्व),
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुमतीवन्सं यांस,
सुहासिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे जागच्या जागी आहेत. तुमचे गुडघे तुमचं ऐकत नसतील हे न विचारताच समजतं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर शेजारी बसलेल्या ह्यांच्या कानावर सगळं जातं. म्हणून पत्र. अक्षर वाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नका.

तुम्ही पाठवलेली आमसुलं पोचली. आपल्या सूनबाईला, क्षिप्राला, बढती मिळाली. त्यामुळे आता साकेत आणि ती दोघंही कोलशेतच्या घरात फक्त झोपायला येतात. आमच्या कामवाल्या बाई गावाला गेल्या आहेत, म्हणजे त्या परत येणार नाहीत.

खरी बातमी गाडीची. आपली फियाट तुम्हाला आठवतच असेल. पुढच्या लांब सीटवर मधोमध तुम्ही, खिडकीशी मी, आणि मागे पोरं आणि फणस. दिवाळीनंतर तिचं इंजिन जाम झालं. ठाकुर्लीला साईनाथचं गॅरेज आहे, तो म्हणाला जुने पार्ट शोधत बसण्यापेक्षा एखाद्या व्हॅनचं नव्यातलं इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स बसवू. साकेत लगेच तयार. आरटीओची परवानगी काढली, आणि मग रोज ऑफिस सुटलं की हा गॅरेजमध्ये. मला फोनवर सांगायचा, आज इंजिनाचे ब्रॅकेट वेल्ड केले, आज मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. मी हं हं करत भाजी चिरायची. इतका खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून गप्प बसले.

एवढा खटाटोप कशाला, असं म्हणाल. तर तुमचा भाऊ दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसत नाही. रिक्षात बसवलं तर टिळक चौकात सिग्नलला उतरून चालायला लागले. टॅक्सीवाल्याला अदबीने सांगतात, "आमची गाडी येतेय, तुम्ही निघा." डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात आणि तुम्ही विसराळूपणा म्हणता, ते आता इथवर आलंय. फियाट मात्र विसरले नाहीत. ती बंद पडून खाली उभी होती तेव्हाही रोज संध्याकाळी जाऊन स्टिअरिंगवर बसायचे. किल्ली माझ्याकडे. पायाने क्लच दाबायचा आणि स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा हलवायचा. चारही गिअर टाकून झाले की शांत होऊन वर यायचे आणि मुकाट्याने जेवायचे. तेवढा वेळ मी गॅलरीत उभी राहून चहा प्यायची. दिवसातला तेवढाच चहा मला गरम मिळायचा.

गाडी गॅरेजमध्ये होती तो काळ कसा काढला ते विचारू नका.

मग एका रविवारी साकेत गाडी घेऊन आला. आवाज इतका कमी की मला खाली आल्याचं कळलंच नाही. मी ह्यांना घेऊन गेले. दार उघडलं तर लांब सीट गायब, तिच्या जागी दोन वेगळ्या सीटा, कारण नव्या गिअरचा दांडा मधे जमिनीतून वर आलेला. हे बसले. क्लच दाबला. हात सवयीने स्टिअरिंगखाली गेला आणि तिथे काहीच नव्हतं. हात तिथेच चाचपत राहिला. साकेतने तो धरून खालच्या गिअरवर ठेवला, म्हणाला, बाबा, आता इथे. ह्यांनी हात काढून घेतला, उतरले, लोकांची वस्तू म्हणून दार हलकेच लावलं आणि साकेतला म्हणाले, "छान आहे हो तुमची गाडी."

तुमची. स्वतःच्या मुलाला. साकेत डिकीत काहीतरी बघायचं आहे असं दाखवून गाडीच्या मागे गेला.

वन्सं, आमची अक्कल बघा. पिकपचा विचार झाला, कूलिंगचा झाला, सीटच्या कापडाचा रंगसुद्धा निवडून झाला. ज्या एका दांड्यासाठी हा माणूस गाडीत बसायचा, तो काढून टाकताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. मी साकेतला बोलले, नको तेवढं बोलले. मग दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोदूबाईंना ह्यांच्याजवळ बसवून स्वतःच ठाकुर्लीला गेले. जुना दांडा गॅरेजच्या कोपऱ्यात भंगारात पडला होता. साईनाथला म्हटलं, हा होता तिथे परत लावून द्या.

"काकू, तो कशालाच जोडलेला नाय राहणार."

"नसू दे. हलला की झालं."

त्याने लावून दिला. आतून एक स्प्रिंगही घातली, म्हणजे हाताला थोडा जोर लागतो. हे परत बसायला लागले. लांब सीट गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

परवा साकेत त्यांना शेजारी बसवून चक्कर मारून आला. मी मागे होते. तुम्हाला माहीत आहे, साकेतला गाडी ह्यांनीच शिकवली. एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर साकेत स्टिअरिंगवर, हे शेजारी. क्लच साकेतने दाबायचा आणि गिअर ह्यांनी टाकायचा, हात पोचायचा ना. एका रविवारी हे मधेच उतरले, आता एकटा ने म्हणाले, आणि कठड्यावर पेपर वाचत बसले. तेव्हा शिकवणी संपली. परवा ती परत सुरू झाली. इंजिन ओढायला लागलं की हे म्हणायचे, "क्लच दाब," आणि दांडा हलवायचे. साकेत क्लच दाबून खालचा खरा गिअर टाकायचा. नवं इंजिन, तरी त्याला गिअर कधी हवा ते ह्यांना बरोबर ऐकू येतं. बायकोचं नाव आठवत नाही.

चौथ्यानंतर ह्यांचा हात मांडीवर आला. जुन्या गाडीला चारच होते. ह्या गाडीला पाच आहेत, पण साकेतने पाचवा टाकला नाही. तसंच गुरगुरत घरी आणलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. गाडी आम्ही हौसेने केली नाही. साकेतला हौस आली हे खरं, पण गाडी एका फेरीसाठी केली आहे. खडवलीला नदीजवळ अशा माणसांसाठी एक घर आहे. आम्ही तीनदा बघून आलो. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत. दुसऱ्या गाडीतून नेणं म्हणजे धरून-बांधून नेणं. ते मला करायचं नव्हतं.

आणि अक्षराचं. मनगटाचं प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं. तुम्हाला फोनवर पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. पाय घसरला नव्हता. आंघोळ घालताना त्यांनी मला ढकललं. घरात कोण बाई शिरली म्हणून घाबरले होते. दोष त्यांचा नाही, पण हाड माझं मोडलं.

गणपतीत तुम्ही माझा हात धरून म्हणालात, माझ्या भावाला परक्यांच्या हाती देऊ नकोस. मी मान हलवली. तोच हात आहे हा. मी फार दमले आहे, वन्सं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वरचं पत्र टाकलं नाही. टाकलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी ऐकलं असतं.

काल नेलं. ह्यांना सांगितलं, खडवलीला नदीवर जायचंय. इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. गांधारीच्या पुलावरून पडघ्याच्या रस्त्याने गेलो. पूर्ण वाट ह्यांनी गिअर टाकले. रस्ता मोकळा होता, मागचे हॉर्न मारत होते, पण साकेत चौथ्यावरच. मी मागे बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मनात म्हणत होते, एकदा तरी विचारा कुठे नेताय म्हणून, म्हणजे मी गाडी वळवायला सांगेन. त्यांनी विचारलं नाही. ते शिकवत होते.

तिथे पोचल्यावर साकेत स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. उतरायला कसं सांगायचं हे त्याला कळेना, मलाही कळेना. मी त्यांचा शर्ट नीट करण्याचं निमित्त केलं. तेवढ्यात ह्यांनी स्वतःच दार उघडलं, उतरले, खिडकीत वाकले आणि म्हणाले,

"जमलं तुला. आता एकटा ने. मी बसतो इथे."

आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. पेपर मागितला. तिथल्या मुलीने आणून दिला.

मी बराच वेळ शेजारी बसले. निघताना नमस्कार केला, तर त्यांनीही मला हात जोडले.

येताना पुढे बसले. हायवेला साकेतने पाचवा टाकला. इंजिनाचा आवाज एकदम उतरला आणि गाडी हलकी झाली. मला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी पाठ टेकून बसावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे, एकच लिहिलं तर खोटं होईल. तो स्टिअरिंगखालचा दांडा सबंध रस्ताभर खुळखुळत होता. काढून टाकू का, असं साकेतने विचारलं. नको म्हटलं. दर रविवारी जायचं आहे, हे शिकवायला बसतील.

काल रात्री मी सलग झोपले. हे सांगायची लाज वाटते, पण सांगते.

तुम्हाला यायचं असेल तर साकेत चिपळूणला गाडी घेऊन येईल. मधली जागा आता राहिली नाही, खिडकीशी बसा. त्यांच्यासमोर मला काय बोलायचं ते बोला, ऐकून घेईन. आणि यायचं नसेल तर तसं लिहा. फक्त दोन ओळी लिहा.

अजून म्हणत असाल तर,
तुमची भावजय,
सुहासिनी