सूचकाची सही

असोदा

तीर्थस्वरूप नानांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या जिल्हा परिषदेच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून मीच सही केली होती. तरी छाननीत निवडणूक अधिकारी साहेबांसमोर मी ती नाकारली आणि तुमचा अर्ज बाद झाला. तुम्ही एवढंच म्हणालात, "पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

त्याच सकाळी सत्ताधारी पक्षाच्या चौघांनी मला आणि तुमच्या कुंदनला केळीच्या बागेत नेलं होतं. त्यांनी कुंदनचा हात दगडावर दाबून धरला आणि कोयत्याने दोन बोटं तोडली. तिसऱ्या बोटावर कोयता टेकवून एकाने मला शांतपणे विचारलं, "सही कोणाची भो?"

"माझी नाही."

"इथं नको सांगू. साहेबांसमोर सांग. आम्ही सगळं कायद्यानं करतो."

नाना, कुंदनची बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली नाहीत. खरं कळलं तर तुम्ही पोलिसांत जाल आणि ते उरलेल्या बोटांसाठी येतील, म्हणून तो तुमच्याशी, स्वतःच्या बापाशी, खोटं बोलला.

जिल्ह्यातले सगळे विरोधी अर्ज असेच बाद झाले. काल त्यांची बिनविरोध विजयाची मिरवणूक निघाली. तुमच्या ओट्यासमोर डीजे थांबवून त्यांनी मला मध्ये ओढलं आणि गुलाल फासला. तुम्ही खिडकीतून पाहिलंत आणि खिडकी लावून घेतलीत.

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. तरी खाली अर्जावर होती तशीच सही करतो आहे. ती माझीच आहे.

तुमचा पुतण्या,
तेजस