मेथीचं सॅलड आणि सालोमीची भांडी

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी.
मनालीचा पुण्याहून फोन. म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून तुम्ही काय खाता ते धड सांगत नाही. रविवारी येते. स्वतःच्या हातचं काहीतरी मला वाढलंत तर राहा तिथे वसईला, पापडीत, नाहीतर बॅग भरा, पुण्याला चला. म्हटलं, ये, सॅलड करतो. गॅस नको, फोडणी करपायची भीती नाही. लेकीला वाटतं बाप अडाणी. बघेल.

दुपारी.
शेजारच्या सालोमीने बोंबलाचं कालवण दिलं. मी स्वयंपाक करणारच होतो, पण दारी आलेल्या अन्नाला नाही म्हणू नये. टोप घासून मांडणीवर ठेवला. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा मनालीच्या आईचा, हंसाचा नियम. उद्या काहीतरी रांधून, भरून देईन.

१३ जानेवारी.
सॅलडचा व्हिडिओ पाहिला. कडू पाला, फळ, अक्रोड, वर लिंबू. आपल्याकडे मेथी मिळते, परसात राजेळी केळी आहेत, अक्रोडाच्या जागी शेंगदाणे. म्हणजे सॅलड मुळात वसईचंच. काम उद्यापासून.
सालोमीकडून भाकऱ्या, सुकट. मांडणीवर आणखी दोन भांडी.

१५ जानेवारी.
सराव. मेथी फार कडू. हंसा मीठ चोळून पिळायची, मीही चोळलं. किती मीठ, ते तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं. जुडीची लिंबाएवढी गोळी झाली. मीठ कडूपणा काढतं म्हणतात. इथे कडूपणाने मिठालाच ठेवून घेतलं. तरी सराव यशस्वी.

१७ जानेवारी, शनिवार.
सालोमी दारात. म्हणाली, काका, टोप द्या, डबा द्या, काय असंल ते द्या. उद्या पावने येतात, रस्सा काय ओंजळीत वाढू? म्हटलं, उद्या सगळी भरून देतो. म्हणाली, रिकामीच द्या, कोन बघतंय. म्हटलं, आमच्यात तसं चालत नाही. म्हणाली, आनि आमच्यात पावने उपाशी चालतात काय? कपाळाला हात लावून गेली. शेजार प्रेमळ आहे.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी.
तयारी आधीपासून असावी म्हणून केळी पहाटेच चिरली. मनाली आली तेव्हा काळी. शेंगदाणे भाजायला घेतले तर सिलिंडर रिकामा. मनालीने विचारलं, कधी संपला? आठवेना. ती वाटी घ्यायला मांडणीपाशी गेली. एकेक भांडं उलटं करून पाहिलं. सगळ्यांवर सालोमीचं नाव कोरलेलं. म्हणाली, बाबा, आपली भांडी कुठायत? म्हटलं, माळ्यावर, जपून ठेवलीत.
एक घास खाल्ला तिने. बराच वेळ चावत बसली. डोळ्यांत पाणी आलं. आवडलं असावं.

संध्याकाळी.
उरलेलं सॅलड सालोमीच्या भांड्यांत थोडं थोडं घालून सगळी परत केली. नियम पाळला. तिच्या कोंबड्यांनी एकदा चोच लावली आणि पाठ फिरवली. कोंबड्यांना मेथीची सवय नसते.

२१ जानेवारी, पुणे.
थोडे दिवस हवापालट. रोज रात्री मनाली सॅलड करते. बाबांना फार आवडतं, असं जावयाला सांगते. खातो.
निघताना सालोमीने डबाभर सुकेळी, घरी वाळवलेली राजेळी केळी, दिली होती. संपली. डबा घासून उशाशी ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नाही. म्हणजे काहीतरी करायला शिकेपर्यंत पापडीला जायची सोय नाही.