सात नंबरची ओळ

वेवजी,
१४ मे २०२६

प्रिय नविनदादास,

संगिताचा नमस्कार. वहिनीला आठवण काढली म्हणून सांग. इकडे सगळे बरे आहेत. ताडगोळे संपत आले, जिव्याकाका चिंचणीला निघालेत त्यांच्याबरोबर डझनभर पाठवते, आणि हे पत्रही. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी गप्प बसते, हे आयला पण माहीत होतं.

परवा सांगून गेलास की रविवारी माणसं घेऊन येतोस, वरकस माळावरचे तिन्ही मोह तोडायचे आणि सगळीकडे सात नंबरचं झाड लावायचं. "तुझ्याच प्लॉटवर पास झालंय ना?" म्हणून हसलास. मी चहा टाकते म्हणून आत गेले. चहापूड संपलेली होती दादा, आणि ते मला ठाऊक होतं.

प्लॉटचं काम तू लांबूनच पाहिलंयस. बाहेरच्या देशांतून आणलेली आठ जातींची झाडं, प्रत्येकीच्या दोन ओळी, एक सपाटीला, एक डोंगराच्या अंगाला. पाऊस सरला की घागरभरही पाणी द्यायचं नाही, कोण तगतं ते बघायचं. मी दर महिन्याला उंची आणि खोडाचा घेर मोजून वहीत लिहिते. सात नंबरची सपाटीची ओळ शंभरातली ब्याण्णव जगली. डोंगराकडची सगळी गेली. प्लॉट बघणाऱ्या मयूरी मॅडम म्हणाल्या, तिथं खाली खडक असेल. मी मान हलवली.

खडकबिडक काही नाही.

सपाटीची ती ओळ आयनं लावली होती. रोजावर आली होती त्या पावसाळ्यात. प्रत्येक रोपाभोवती माती दाबताना त्याच्याशी बोलायची, "घाबरू नको गो बाय." पौषात ती गेली. चैत्रात त्या रोपांची पानं वळायला लागली आणि मला बघवेना. आपल्या हातानं लावलेलं तहानेनं मारू नये, हे तिचंच सांगणं. रोज सकाळी मॅडमची गाडी यायच्या आत मी बोअरिंगवरून हंडे वाहिले. दोन उन्हाळे. बाकीच्या ओळी डोळ्यांदेखत वाळत होत्या, त्यांना थेंब दिला नाही. वहीत मात्र सगळ्यांपुढे एकच लिहिलं, पाणी नाही.

तेव्हा वाटलं, यात कुणाचं काय जातंय? आता तुझे मोह जातायत, आणि तुझं बघून अख्खा पाडा तीच रोपं मागायला निघालाय. मला रात्रंदिवस लाज वाटते.

सोमवारी मॅडमना सगळं सांगणार आहे. काम बहुतेक जाईल. त्यांना म्हणेन, डोंगराकडची ओळ बघा, तिला कुणी पाणी घातलं नव्हतं.

तू रविवारी ये, पण कुऱ्हाड घेऊन नको. रागवायचं तर मधल्या मोहाखाली बसून रागव. फुलं वेचताना आय तुझी झोळी त्याच्याच फांदीला बांधायची. तिची ओळ मला मरू देता आली नाही दादा. तिचे मोह तू तोडू नकोस.

तुझी,
चोरून पाणी घालणारी
संगी